‘तुझं तू बघ’ म्हणण्याआधी

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाच्या घरात, मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की दोन गोष्टी बहुधा एकदमच घडतात. आतापर्यंत बऱ्यापैकी ताळ्यावर असलेली शुगर काही कारण न दिसता चढू लागते. आणि त्याच सुमारास घरातली मोठी माणसं सुई, स्ट्रिप आणि डोसच्या हिशेबातून अंग काढून घेऊ लागतात; पोर आता मोठं झालं, त्याचं त्यानं बघावं, असं सगळ्यांनाच वाटत असतं. तीन महिन्यांनी एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या काही महिन्यांच्या सरासरी शुगरचा, रिपोर्ट येतो, आकडा साडेनऊ असतो, आणि त्याचा अर्थ घरात एकच लावला जातो: लक्ष नाही, बेफिकीर झालाय, ऐकत नाही. मला हा अर्थ चुकीचा वाटतो, आणि त्यावरून केला जाणारा उपाय त्याहून चुकीचा. किशोरवयात वाढलेल्या शुगरमागे आधी शरीर असतं, मग दिवसाची घडी असते. मुलाचा स्वभाव पुष्कळ नंतर येतो. म्हणून या पाच-सहा वर्षांत आईवडिलांनी बाजूला होणंही बरोबर नाही आणि डोक्यावर बसणंही. हा आजार मुलासोबत वाटून घ्यायचा, एकेक काम त्याच्या हाती द्यायचं, गरज पडली तर काही काळ परत घ्यायचं, आणि असं करत अठराव्या वर्षापर्यंत पोचायचं.

आधी एक घोळ निस्तरायला हवा, कारण घरातली कितीतरी भांडणं त्यातून होतात. आजोबांचा मधुमेह आणि नातवाचा टाइप वन हे वेगळे आजार आहेत. टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. गोड जास्त खाल्ल्यानं तो होत नाही, आईनं गरोदरपणी काही चुकवल्यानं होत नाही, आणि गोळ्या, चालणं, कारल्याचा रस किंवा मेथीचं पाणी यांनी जातही नाही. बाहेरून इन्सुलिन द्यावंच लागतं. निदानानंतर उपचार सुरू झाले की काही आठवडे किंवा महिने उरल्यासुरल्या पेशी थोडं इन्सुलिन बनवतात, डोस एकदम कमी लागतो, आणि नेमक्या त्याच काळात कुणीतरी दिलेल्या चूर्णाला गुण आल्यासारखा वाटतो. त्या भरवशावर सुई बंद केली की मूल धापा टाकत अतिदक्षता विभागात पोचतं. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये मधुमेहाच्या ज्या रुग्णाला इन्सुलिन पहिल्यांदा टोचलं गेलं, तो लेनर्ड थॉम्पसन चौदा वर्षांचा होता. त्याआधी या वयाच्या मुलांच्या वाट्याला उपासमारीचं पथ्य आणि थोडाफार काळ, एवढंच येत असे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालची सुमारे २ लाख २९ हजार मुलं टाइप वनसह जगत होती, आणि तो जगातल्या कुठल्याही देशापेक्षा मोठा आकडा होता. आपल्या शाळेत एकट्याच असलेल्या मुलीला ही संख्या जरूर सांगावी.

आता शरीराकडे वळू. वयात येताना ग्रोथ हार्मोन वाढतं, लैंगिक संप्रेरकं वाढतात, आणि त्यांच्यापुढे इन्सुलिनची मात्रा नीट चालत नाही. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८६ मध्ये हे मोजून दाखवलं. वयात येणाऱ्या मुलांवर, मधुमेह असो वा नसो, इन्सुलिनचा परिणाम त्याहून लहान मुलांच्या तुलनेत कमी होतो; मोठ्यांच्या तुलनेतही कमीच. मधुमेह नसलेल्या मुलाचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन सोडून ही तूट मुकाट भरून काढतं. टाइप वन असलेल्या मुलाला ती सुईनं भरावी लागते. लहानपणी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.७ ते १ युनिट पुरत असेल, तर या वयात ते १.२ वर आणि कधीकधी २ युनिटपर्यंत जातं. म्हणजे चाळीस किलोच्या मुलाला तीस-पस्तीस युनिटांऐवजी साठ-सत्तरही लागू शकतात. त्यात पहाटे ही संप्रेरकं जोरात असतात, म्हणून रात्री नीट जेवून झोपलेल्या मुलाची सकाळची शुगर २२० येते. गेल्या वर्षीच्याच डोसवर चाललेल्या अशा मुलाला ‘रात्री उठून काय खाल्लंस?’ असं विचारणं हा उघड अन्याय आहे. खरा प्रश्न डॉक्टरांसाठी असतो: वजन चार किलोंनी वाढलं, उंची वाढली, डोस त्याला पुरतोय का? दर तीन महिन्यांच्या भेटीत तो न चुकता विचारावा. वाढ संपली की इन्सुलिनची गरज पुन्हा उतरते, आणि तेव्हा डोस तसाच राहिला तर शुगर वारंवार लो होऊ लागते, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

हे सगळं मुलाला पाठीशी घालण्यासाठी चाललंय, असं कुणाला वाटेल. म्हणून पुरावा पाहू. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या, डीसीसीटी या नावानं ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात टाइप वन असलेले १,४४१ लोक होते. दिवसाला तीन किंवा अधिक इंजेक्शनं किंवा इन्सुलिन पंप, वारंवार तपासणी आणि डॉक्टरांच्या पथकाशी सततचा संपर्क अशा काटेकोर उपचारांनी डोळ्याच्या पडद्याला नव्यानं इजा होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. आज आपण घेतो ते उपचार या अभ्यासावर उभे आहेत. त्यातले १९५ जण तेरा ते सतरा वर्षांचे होते. उपचार तेच, देखरेख तीच; तरीही काटेकोर उपचारांच्या गटातल्या किशोरांचा सरासरी एचबीए१सी ८ च्या आसपासच राहिला, मोठ्यांचा मात्र ७ च्या जवळ आला. शिवाय शुगर धोकादायकरीत्या लो होण्याचे प्रसंगही किशोरांमध्ये जास्त होते. २०१६ ते २०१८ या काळातल्या, टाइप वन रुग्णांच्या अमेरिकी नोंदवहीतही हाच कल दिसतो: पाच वर्षांच्या मुलांचा सरासरी एचबीए१सी ८.१, आणि पंधरा ते अठरा वर्षांच्यांचा ९.३. तिथे पंप आणि शुगर सतत मोजणारे सेन्सर आपल्यापेक्षा कितीतरी सहज मिळत होते. इतक्या मुलांचा आलेख एकाच वयात एकाच दिशेनं जातो, तेव्हा तुमच्याच घरातलं पोर आळशी निघालं असं मानायला फारसा आधार उरत नाही.

यावरून उलटा निष्कर्षही काढू नये, की मग हे वय असंच, जाऊ द्यावं. डीसीसीटीतल्या लोकांचा पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला, आणि सुरुवातीच्या वर्षांत शुगर नीट ठेवलेल्यांना त्याचा फायदा नंतर दोन्ही गटांची शुगर सारखी झाल्यावरही मिळत राहिला. याचा अर्थ या वयात जे साधेल ते पुढे उपयोगी पडतं. उद्दिष्ट एचबीए१सी ७ च्या खाली आणण्याचंच ठेवावं. फक्त ते गाठायला पंधरा वर्षांच्या मुलाकडे चाळिशीतल्या माणसाचं शरीर नाही आणि त्याच्यासारखा दिवसही नाही, हे धरून चालावं लागतं.

तो दिवस कसा असतो तेही बघू. सकाळची शाळा, म्हणजे सहाला उठून शुगर बघायची, इन्सुलिन घ्यायचं, ते लागू व्हायला पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग खायचं. प्रत्यक्षात रिक्षा खाली हॉर्न देत असते. मधली सुट्टी वीस मिनिटांची. त्यात हात धुणं, बोटाला टोचणं, डब्यातल्या दोन पोळ्यांचा हिशेब करणं आणि सगळ्यांसमोर शर्ट वर करून पेन टोचणं. बहुतेक मुलं यातलं टोचण्याचं काम घरी येईपर्यंत पुढे ढकलतात, आणि दुपारी शुगर तीनशे सापडते. संध्याकाळी क्लास, क्लासबाहेर वडापाव, त्यानंतर कबड्डी किंवा बॅडमिंटन, जेवण रात्री साडेनऊला. खेळामुळे स्नायू रात्रीही साखर ओढत राहतात, म्हणून शुगर पहाटे दोनला लो होऊ शकते. चुरशीच्या सामन्यात मात्र ताणामुळे ती आधी वरही जाते. वर्गात भूमितीचा पेपर सोडवत असताना या सगळ्याची गणितं मुलाच्या डोक्यात चालू असतात, आणि या कामाला रविवार नसतो, दिवाळीची सुट्टी नसते. चार सुया आणि चार तपासण्या धरल्या तरी वर्षाला तीन हजारांच्या आसपास टोचण्या होतात. त्यातल्या काही चुकल्या यात नवल नाही. बहुतेक चुकत नाहीत, हे कुणीतरी मुलाला म्हणून दाखवायला हवं.

या ओझ्यावर घरची उलटतपासणी आली की मूल काय करतं? आकडे लपवतं. १९८० च्या दशकात आकडे साठवून ठेवणारे ग्लुकोमीटर आले, तेव्हा संशोधकांनी रुग्णांच्या वहीतल्या नोंदी यंत्रातल्या नोंदींशी ताडून पाहिल्या, आणि वहीत मनानं लिहिलेले आकडे मोठ्या प्रमाणात सापडले. ते रुग्ण प्रौढ होते. म्हणजे खोटा आकडा लिहिणं हा पंधराव्या वर्षाचा अवगुण नाही. ज्या आकड्यावर बोलणी बसतात तो आकडा कोणत्याही वयाचा माणूस बदलतो. आणि लपवलेल्या आकड्यावर डोस ठरवता येत नाही, म्हणून रागावण्याची किंमत शेवटी शुगरमध्येच मोजावी लागते. याची दुसरी बाजू बार्बरा अँडरसन आणि बोस्टनच्या जॉसलिन मधुमेह केंद्रातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवली. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांच्या काही कुटुंबांना नेहमीच्या भेटींतच थोडा वेळ देऊन त्यांनी एवढंच शिकवलं की मधुमेहाची कामं पालक आणि मुलानं वाटून घ्यावीत, आणि आकड्यांवरून दोष देणं टाळावं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या घरांतली भांडणं कमी झाली, पालकांचा सहभाग टिकला आणि शुगरही सुधारली. इतर अभ्यासांतही असंच दिसलं आहे: मुलाच्या समजुतीपेक्षा जास्त जबाबदारी त्याच्यावर लवकर टाकली की शुगर बिघडते आणि रुग्णालयाच्या वाऱ्या वाढतात.

वाटून घेणं म्हणजे काय, ते प्रत्यक्ष कामांत सांगतो. मधुमेह ही एक जबाबदारी नाही, त्यात निदान सहा-सात वेगळी कामं आहेत, आणि ती एकाच वाढदिवसाला सोपवायची नसतात. बोटाला टोचून शुगर बघणं आणि पेन टोचून घेणं हे दहा-अकराव्या वर्षी मूल शिकतं. यात कौशल्य आहे, निर्णय नाही. पोळी-भातातले कार्बोहायड्रेट मोजून जेवणाचा डोस ठरवणं हा निर्णय आहे. तो दोन-तीन वर्षं दोघांनी मिळून घ्यावा: मुलानं आधी आपला आकडा सांगावा, पालकांनी नंतर. दिवसातून एकदाच घ्यायचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन चुकलं तर पूर्ण दिवस जातो, म्हणून ते घेताना मोठ्या माणसानं समोर असावं, मूल सतरा वर्षांचं असलं तरी. एकाच जागी टोचत राहिल्यानं तिथे गाठ येते आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, म्हणून जागा बदलतात का हे महिन्यातून एकदा हात लावून पाहावं. स्ट्रिपा, सुया आणि इन्सुलिनचा साठा, डॉक्टरांची तारीख, रिपोर्टांची फाइल ही कामं पालकांकडे सर्वांत उशिरापर्यंत राहिली तरी बिघडत नाही. एका धोक्याबद्दल घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटांचं असतं आणि पेनमधलं १०० युनिटांचं. पेनच्या कार्ट्रिजमधलं इन्सुलिन ४० च्या सिरिंजनं ओढलं तर डोस अडीचपट जातो आणि जिवावर बेततं.

आकडे बघायला आठवड्यातली एक वेळ ठरवावी, रविवारची दुपार म्हणा, आणि पंधरा मिनिटांत मीटरमधले साठवलेले आकडे किंवा सेन्सरचा आलेख दोघांनी मिळून पाहावा. तिथे ‘हे का झालं?’ असं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून विचारण्याऐवजी ‘मंगळवारी आणि गुरुवारी क्लासनंतरच चढतेय, तिथे काय करता येईल?’ असं विचारावं. बाकीच्या दिवशी दारातून आत आल्या आल्या शुगर किती, हा पहिला प्रश्न नको. मूल म्हणजे चालतंबोलतं ग्लुकोमीटर नव्हे. त्याला शाळेत काय झालं, कोण जिंकलं, हे आधी विचारलं तर आकडा ते स्वतःहून सांगण्याची शक्यता वाढते.

यावर पालकांचा पहिला आक्षेप ठरलेला आहे: असं हाताला धरून चाललो तर ते स्वावलंबी कधी होणार? आक्षेप खऱ्या काळजीतून येतो. पण स्वावलंबन कौशल्यातून येतं, आणि कौशल्य कुणी सोबत असताना घडतं. एकटं सोडल्यानं मूल जे शिकतं ते बहुतेकदा लपवणं असतं. सोपवलेलं काम सलग दोन-तीन आठवडे नीट झालं की पुढचं द्यावं. परीक्षेच्या किंवा आजारपणाच्या दिवसांत विस्कटलं तर ‘हा महिना मी बघतो’ म्हणून परत घ्यावं, आणि तो पराभव मानू नये. दुसरा आक्षेप असा की धाकच नसेल तर पोर मोकाट सुटेल. धाक आणि नियम यांत फरक आहे. काही गोष्टींवर वाटाघाट नाहीच, आणि त्या मुलाला शांतपणे, आधीच सांगून ठेवाव्यात. लांब पल्ल्याचं इन्सुलिन कधी सोडायचं नाही. ताप, जुलाब, उलट्या असताना, काही खाल्लं नसलं तरीही, इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. डोस कमीजास्त होईल तो डॉक्टरांना विचारून. अशा दिवशी दोन-चार तासांनी शुगर बघायची, इन्सुलिन कमी पडलं की लघवीत येणारे कीटोन स्ट्रिपनं तपासायचे, आणि सतत उलट्या, पोटदुखी, खोल जलद श्वास किंवा गुंगी दिसली तर घरी वाट न बघता रुग्णालय गाठायचं. असे पाच नियम पक्के असले की उरलेल्या पन्नास गोष्टींत ढील देता येते.

ढील सर्वांत जास्त जेवणात लागते. ‘तुला चालत नाही’ हे वाक्य ऐकत वाढलेलं मूल मोदक नाकारत नाही, ते लपून खातं, आणि लपून खाल्लेल्यासाठी इन्सुलिन घेतलं जात नाही. खरं तर त्रास मोदकापेक्षा त्या न घेतलेल्या डोसचा जास्त असतो. मध्यम आकाराच्या एका पोळीत साधारण १५ ग्रॅम कार्बोहायड्रेट, शिजलेल्या भाताच्या लहान वाटीत तेवढेच किंवा थोडे अधिक. एवढं कळलं की पुरणपोळीचाही अंदाज बांधता येतो. आपल्या उपासाकडे मात्र बारकाईनं पाहावं. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कार्बोहायड्रेट, आणि एकादशीची ताटभर खिचडी शुगरला साध्या वरणभातापेक्षा जड जाते. वरीबरोबर दाण्याची आमटी, दही, काकडी घेतली तर बरं. कडक, निर्जळी उपास या मुलांनी करू नयेत, आणि तसं सांगण्याची जबाबदारी आजीवर ढकलू नये.

शाळेत सांगायचं की नाही, यावर बऱ्याच घरांत कुजबुज होते. माझ्या मते सांगायलाच हवं, आणि कारण साधं आहे: शुगर लो झाली तर पहिली दहा मिनिटं शेजारच्या बाकावरचा मित्र आणि वर्गशिक्षिका यांच्याच हातात असतात. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणं दिसलं किंवा मीटरवर ७० च्या खाली आकडा आला तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, गरज असेल तर पुन्हा तेवढीच. पेढा किंवा चॉकलेट यासाठी कामाचं नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि लगेच रुग्णालयात न्यायचं. एवढा मजकूर अर्ध्या पानावर लिहून, डॉक्टरांच्या सहीसह, जूनमध्येच शाळेत द्यावा. पीटीच्या सरांना वेगळा. लो झालेल्या मुलाला एकट्याला बाथरूमकडे किंवा ऑफिसकडे पाठवू नये, हे त्यात ठळक लिहावं. परीक्षेबद्दलही आता आधार आहे. सीबीएसईनं २०१७ मध्ये दहावी-बारावीच्या टाइप वन असलेल्या विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळं, खाणं आणि पाणी परीक्षागृहात नेण्याची परवानगी दिली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं मार्च २०२३ मध्ये सर्व राज्यांना कळवलं की अशा मुलांना शाळेत आणि परीक्षेच्या वेळी शुगर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, खाऊ द्यावं. तुमचं मूल कोणत्याही बोर्डाचं असलं तरी मुख्याध्यापकांमार्फत, डॉक्टरांच्या दाखल्यासह, काही महिने आधी लेखी अर्ज करा. परीक्षाकेंद्राच्या दारात सकाळी साडेदहाला वाद घालण्याची ती वेळ नसते.

मुलींबद्दल थोडं वेगळं बोलणं भाग आहे. पाळीच्या आधीचे काही दिवस अनेकींची शुगर चढते आणि पाळी सुरू झाल्यावर उतरते. दोन-तीन महिने तारखा आणि आकडे शेजारी लिहिले की हा क्रम दिसतो आणि डॉक्टर डोस बदलून देऊ शकतात. दुसरी गोष्ट गंभीर आहे. इन्सुलिन नीट सुरू झालं की हरवलेलं वजन परत येतं, आणि सुई टाळली की ते घटतं, हे या वयात लवकर कळतं. बारीक दिसण्यासाठी डोस गाळणाऱ्या मुली असतात, मुलगेही असतात. कारण न कळता चढणारा एचबीए१सी, उतरणारं वजन, पुन्हा पुन्हा कीटोन, जेवणाच्या वेळी एकटं राहण्याची धडपड अशी चिन्हं एकत्र दिसली तर रागावून उपयोग नाही. डॉक्टरांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना सांगावं, कारण हा खाण्याचा आजार आहे. आणि मग लग्नाचा विषय. ‘कुणाला सांगू नकोस, पुढे जमायला अडचण येईल,’ हे आईचं वाक्य प्रेमातूनच येतं. पण चौदा वर्षांच्या मुलीला त्यातून कळतं ते असं की तिच्या अंगात लाज वाटावी असं काही आहे. ती मैत्रिणींसमोर सुई घेणार नाही, सहलीत शुगर बघणार नाही, लो झाली तरी बोलणार नाही. दहा वर्षांनंतरच्या, अजून न आलेल्या स्थळासाठी आजची प्रकृती गहाण टाकली जाते. शुगर नीट ठेवलेल्या, नियोजन केलेल्या टाइप वनच्या स्त्रियांना निरोगी मुलं होतात. घरच्यांनी लपवाछपवीऐवजी हे सांगावं.

आणि तुम्ही, ज्यांना हा आजार आहे. तुमच्या वाट्याला वर्गातल्या इतरांपेक्षा जास्त काम आलं आहे, आणि ते तुम्ही मागितलं नव्हतं. कंटाळा येतो, कधी सगळं बंद करावंसं वाटतं. याला मधुमेहाचा शीण म्हणता येईल, आणि तो जवळपास प्रत्येकाला कधीतरी गाठतो. तसे दिवस आले की घरी सांगा, ‘दोन आठवडे शुगर तुम्ही बघा, मला विश्रांती हवी आहे.’ इन्सुलिन मात्र थांबवू नका. डोस चुकला तर चुकला म्हणून लिहा. मोकळी जागा किंवा खरा ३४० डॉक्टरांना मनानं लिहिलेल्या १४० पेक्षा कितीतरी उपयोगी पडतो. मीटरवरचा आकडा ही पुढचा डोस ठरवण्याची माहिती आहे, तुमचं प्रगतिपुस्तक नाही. निदान दोन मित्रांना सगळं नीट दाखवून ठेवा. झोप लागत नसेल, महिनाभर कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर तेही याच आजाराच्या उपचाराचा भाग समजून त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

हे सगळं वेळ आणि पैसा असलेल्यांसाठी आहे, असा आक्षेप येईल, आणि तो टाळता येणार नाही. चौदा दिवस टिकणारा सेन्सर हजारो रुपयांचा असतो, पंप लाखांत जातो, आणि शेतमजुरी किंवा शिफ्टची नोकरी करणाऱ्या आईवडिलांना रविवारची दुपारही मिळत नाही. सेन्सरनं मदत होते, बोटं वाचतात, रात्रीचा लो कळतो. पण वर सांगितलेल्या अमेरिकी आकड्यांवरून दिसतं की केवळ यंत्रानं हे वय पार पडत नाही, आणि सेन्सरचा आलेख मोबाइलवर दिसू लागला की पाळत ठेवण्याचा मोहही वाढतो. ज्यांना परवडत नाही त्यांनी इन्सुलिन आणि स्ट्रिपा यांना सर्वांत वर ठेवावं, बाकी नंतर. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी उभारलेला ड्रीम ट्रस्ट आणि छत्रपती संभाजीनगरात डॉ. अर्चना सारडा यांची उडान ही संस्था टाइप वनच्या गरजू मुलांसाठी काम करतात. आपल्या डॉक्टरांना अशा मदतीबद्दल संकोच न करता विचारावं. फ्रिज नसेल तर मडक्यात मडकं ठेवून मधल्या ओल्या वाळूच्या गारव्यात इन्सुलिन उन्हाळ्यातही बरंच सुरक्षित राहतं. वापरात काढलेली बाटली साधारण चार आठवड्यांनी बदलावी, आणि फ्रिज असेल तर बर्फाच्या कप्प्यात ती कधीच ठेवू नये, गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं. वेळेबाबत म्हणाल तर रात्रीच्या जेवणाची वीस मिनिटं पुरतात. वाटून घेण्यासाठी शिक्षण लागत नाही. लांब पल्ल्याची सुई घेताना बाबा शेजारी बसले, एवढंसुद्धा वाटून घेणंच आहे.

पंधरा-सोळाव्या वर्षापासून डॉक्टरांच्या खोलीत भेटीचा थोडा वेळ मुलाला एकट्यानं बोलू द्यावं. सिगारेट, दारू, नातेसंबंध, भीती हे विषय आईसमोर निघत नाहीत, आणि दारूनंतर बऱ्याच तासांनी, झोपेतसुद्धा, शुगर धोकादायक लो होऊ शकते हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असलं पाहिजे. अठराच्या पुढे बालरोगतज्ज्ञांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना काही मुलं मध्येच गळतात; त्यात गाव सोडून पुण्या-मुंबईच्या हॉस्टेलवर जाणं आलं की जास्तच. म्हणून नव्या शहरातल्या डॉक्टरांची पहिली भेट कॉलेज सुरू होण्याआधी ठरवावी. आजवरचे डोस, शेवटचे तीन एचबीए१सी, डोळ्यांची आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी यांचा एक कागद मुलानं स्वतःच्या हातानं लिहून न्यावा. रूममेटला साखर कुठे ठेवली आहे ते पहिल्याच दिवशी दाखवावं, मेसच्या जेवणाचा अंदाज येईपर्यंत शुगर एक-दोनदा जास्त तपासावी. आणि पहिले काही महिने इन्सुलिन आणि स्ट्रिपांचा खोका घरूनच पाठवत राहायला काही हरकत नाही. ते काम सर्वांत शेवटी सोपवलं तरी चालतं.